समुद्रतळींचें तेल आणि घरांतील पुंजी

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून परदेशी समभागांची चर्चा आतां जेवणाच्या पानावरहि होऊं लागली आहे. त्यांत समुद्रांत तेल शोधणाऱ्या लहान कंपन्यांचा विषय निघाला, कीं तरुण मंडळींचे डोळे चमकतात व वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. दोघांच्याहि भावनेस आधार आहे. तो किती, हें एका खऱ्या उदाहरणावरून पाहूं.

दक्षिण अटलांटिक महासागरांतील फॉकलंड बेटांच्या उत्तरेस १९९८ सालीं ६ विहिरी खणण्यांत आल्या. तेलाच्या खुणा आढळल्या, पण व्यापार करण्याजोगा साठा हातीं लागला नाहीं, आणि बड्या कंपन्या निघून गेल्या. पुढें २०१० सालीं लहान कंपन्यांनीं तें काम पुन्हां हातीं घेतलें. मार्चमध्यें डिझायर पेट्रोलियमच्या पहिल्या विहिरीनें निराशा केली व तिचा समभाग एका दिवसांत सुमारें निम्म्यावर आला. मे महिन्यांत रॉकहॉपर या दुसऱ्या लहान कंपनीस ‘सी लायन’ येथें तेल लागलें. तिचा भाव एका दिवसांत दुपटीहून अधिक चढला. डिसेंबरांत डिझायरनें शुक्रवारीं तेल सांपडल्याचें जाहीर केलें, आणि सोमवारीं तें पाणी असल्याचें सांगितलें! मधल्या दोन दिवसांत ज्यांनीं मनांतल्या मनांत बंगले बांधले, त्यांची सोमवारची सकाळ कशी उजाडली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

या कंपन्यांचा धंदाच असा आहे. विक्रीस माल नाहीं, म्हणून उत्पन्न नाहीं. भागधारकांचे पैसे घ्यावयाचे आणि विहिरींत ओतावयाचे. नव्या क्षेत्रांत बहुतेक विहिरी कोरड्या निघतात. समजा, पांचांतली एक लागते. लागल्यास १०० रुपयांचे ३०० होतात, न लागल्यास ६० बुडतात. असे पांच डाव खेळल्यास एका डावांत २०० मिळतील, चारांत २४० जातील; म्हणजे ५०० रुपयांवर ४० तोटा. तेच तिपटीऐवजीं चौपट झाले, तर ६० रुपये नफा. नफातोटा फिरविणारे हे आंकडे आधीं कोणासच नक्की ठाऊक नसतात.

बरें, तेल लागलें म्हणजे गंगेंत घोडें न्हालें, असेंहि नाहीं. समुद्रांतून तें वर काढण्यास फार मोठें भांडवल लागतें. म्हणून २०१२ सालीं रॉकहॉपरनें ६० टक्के हिस्सा प्रीमियर ऑइल या मोठ्या कंपनीस दिला. पुढें २०१४ मध्यें १०० डॉलरहून अधिक भावानें विकलें जाणारें पिंप २०१६ च्या आरंभीं ३० डॉलरांच्या खालीं उतरलें. शोधास दहा वर्षें उलटलीं, तरी सी लायनचें तेल बाजारांत आलें नव्हतें. शिवाय त्या बेटांवर आर्जेंटिनाचा दावा आहे व त्यापायीं १९८२ सालीं युद्धहि झालें आहे.

कोणी मुंबई हायचा दाखला देईल. ‘सागर सम्राट’नें १९७४ सालीं तेथें तेल शोधलें, हें खरें, परंतु त्या उद्योगामागें सरकारी तिजोरी उभी होती. एखादी विहीर कोरडी निघाल्यानें तिचा संसार मोडणार नव्हता.

आपल्या घराची गोष्ट निराळी आहे. एकत्र कुटुंबांतील पुंजी एकट्या कर्त्याची नसते. तींत आजोबांचें निवृत्तिवेतन असतें, मुलीच्या शिक्षणाची तरतूद असते, आणि सुनेनें काटकसरीनें मागें टाकलेला पैसाहि असतो. त्या पुंजीला कोणीं परस्पर हात लावूं नये. ज्यास हौस असेल त्यानें स्वतःच्या मिळकतींतून, सर्वस्वीं बुडाली तरी घराची घडी विसकटणार नाहीं एवढीच रक्कम घालावी, व तीहि घरांत सांगून. घालण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: कंपनीपाशीं किती विहिरींपुरती रोकड आहे, खणण्याचा खर्च कोणी मोठा भागीदार उचलतो काय, आणि मागें वारंवार नवे समभाग काढून जुन्या भागधारकांचा वांटा कमी केला गेला आहे काय. या प्रश्नांचीं उत्तरें कंपनीच्या वार्षिक अहवालांत शोधावीं. बाजारांतील कुजबुजीवर विसंबूं नये.

तेल लागलें, तर घरांतील सर्वांनीं पेढे खावे. न लागलें, तर कोणाची फी राहूं नये.