मैदान वाचवल्यानंतरचा प्रश्न

वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर एक बातमी शहराचे नाव बदलून वर्षानुवर्षे छापली जात आहे. वस्तीतल्या मैदानाच्या एका कोपऱ्यात एके दिवशी पत्रे उभे राहतात. त्यावर फलक लागतो. रहिवासी जमतात, सह्या गोळा करतात, आयुक्तांना निवेदन देतात आणि दाद मिळाली नाही की न्यायालयाची पायरी चढतात. मैदानाच्या जागी कधी तलाव असतो, कधी वाचनालय, तर कधी गावची गायराने. राष्ट्रीय धोरणाच्या चर्चेत अशा बातमीला सहसा जागा मिळत नाही. वास्तविक भारतीय लोकशाहीचा जमिनीवरचा कस जितका या बातमीत लागतो, तितका क्वचितच दुसरीकडे लागत असेल. जे सर्वांचे आहे त्याची राखण कोणी करायची, हा तिच्यामागील प्रश्न आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर आपल्या व्यवस्थेकडे आजही नाही.

न्यायालयांनी या बाबतीत नागरिकांना निराश केले, असे मात्र म्हणता येणार नाही. बेंगळुरूच्या राजमहल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखून ठेवलेला एक भूखंड तेथील विकास प्राधिकरणाने मुख्यमंत्र्यांच्या निर्देशावरून एका न्यासाला खासगी रुग्णालयासाठी दिला होता. आजूबाजूच्या रहिवाशांनी त्याला आव्हान दिले. उच्च न्यायालयातील एकल न्यायमूर्तींनी त्यांची याचिका फेटाळली, खंडपीठाने ती मान्य केली आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. या निकालाचे महत्त्व दोन मुद्द्यांत आहे. उद्यान ज्यांच्यासाठी आखले गेले, त्या रहिवाशांना ते हिरावले जात असताना दाद मागण्याचा अधिकार आहे, हा पहिला. आणि कायद्याने आखलेली सार्वजनिक जागा सत्ताधाऱ्यांच्या मर्जीने अन्य कामासाठी वळवता येत नाही, हा दुसरा.

या खटल्यातील न्यासाचा युक्तिवाद आजही ओळखीचा वाटावा असा आहे. उद्यानापेक्षा रुग्णालय अधिक लोकोपयोगी नव्हे काय? मोकळ्या जागेवरील आक्रमण नेहमी दांडगाईच्याच रूपाने येते असे नाही. बहुधा ते उपयुक्ततेचा अंगरखा घालून येते. आज पाण्याची टाकी, उद्या वाहनतळ, परवा समाजमंदिर. यांपैकी प्रत्येक गोष्ट गरजेची असते, आणि म्हणूनच विरोध करणारा माणूस आडमुठा ठरतो. पण मोकळी जागा ही रिकामी पडलेली जागा असते, हे गृहीतकच चुकीचे आहे. मुलांचे खेळणे, वृद्धांची सकाळची फेरी, लग्नाचा मांडव, पुराच्या दिवसांतील आसरा हे सगळे तिचे चालू उपयोग असतात. त्यांची पावती फाडली जात नसल्यामुळे ते हिशेबात येत नाहीत, इतकेच. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनी शहरांमध्ये दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे सुचवले आहे. ज्या शहरांना हे प्रमाण आजन्म गाठता येणार नाही, त्यांनी निदान आहे ते गमावू नये, ही अपेक्षा फार मोठी नाही.

ग्रामीण भागातील कथा याहून निराळी नाही. पंजाबमधील पतियाळा जिल्ह्यातील रोहर जागीर या गावात पंचायतीच्या मालकीचे तळे काही जणांनी बुजवले आणि त्यावर घरे बांधली. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना हटवण्याऐवजी जमिनीची किंमत वसूल करून प्रकरण मिटवण्याचा मार्ग सुचवला. अतिक्रमण करा, पुढे दर भरा आणि मालक व्हा, असाच त्याचा अर्थ होता. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बंद केला आणि गावांच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींतील कुटुंबे यांना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनी, तसेच जेथे शाळा वा दवाखाना आधीपासून उभा आहे अशा जागा, यांचा अपवाद न्यायालयाने आवर्जून नोंदवला. हा अपवाद निकालाइतकाच महत्त्वाचा आहे आणि तोच पुढे सर्वांत आधी विसरला गेला.

महाराष्ट्राला त्याचा अनुभव आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरान जमिनींवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभर नोटिसांची धांदल उडाली. बड्या संस्थांनी आणि धनदांडग्यांनी गिळलेली गायराने आणि मराठवाड्यात दलित व भटक्या-विमुक्त कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या पोट भरण्यासाठी कसलेली गायराने एकाच यादीत आली. सामाईक जमीन वाचलीच पाहिजे. परंतु ती वाचवताना ज्याच्या नावावर दुसरा सातबारा नाही त्याला आणि ज्याच्या नावावर दहा आहेत त्याला एकाच मापाने मोजले, तर कायदा पाळला जाईल आणि न्याय हुकेल.

इथे ‘रहिवासी’ या शब्दाकडेही नीट पाहिले पाहिजे. मैदान वाचवणारे रहिवासी म्हणजे कोण? मैदानाच्या कडेच्या इमारतींत सदनिका असणारे, की पलीकडच्या झोपडवस्तीतून तिथे चेंडू खेळायला येणारी मुलेही? बेंगळुरूचे तलाव या दृष्टीने बोलके आहेत. एकेकाळी त्यांच्या काठावर गुरे चरत, कोळी मासे धरीत, धोबी कपडे धूत, बायाबापड्या पालेभाजी खुडीत. शहर पसरले, तलावांत सांडपाणी आले आणि ही माणसे मागे हटली. पुढे तलावांचे पुनरुज्जीवन सुरू झाले तेव्हा काही ठिकाणी कुंपण, तिकीट आणि वेळापत्रक आले. काही तलाव तर २००४ नंतर खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीने भाड्याने देण्यात आले. त्याविरुद्ध नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने तलाव हा सार्वजनिक ठेवा असल्याची भूमिका घेत त्यांच्या जतनाची चौकट आखून दिली.

याच शहरात सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळी तलावाने दुसरी वाट दाखवली. तिथे परिसरातील रहिवासी, पर्यावरणाचे अभ्यासक आणि महापालिका एकत्र आले; सांडपाणी वळवले गेले, झाडे लागली, पक्षी परतले. पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र यांनी आपल्या लेखनातून शहराच्या या बदलत्या सामाईक जागांची बारकाईने नोंद केली आहे. मात्र अशा प्रयत्नांचा पाया किती ठिसूळ असतो तेही तिथेच दिसले. खासगी कंपन्यांशी तलावांबाबत करार करण्यास २०२० मध्ये उच्च न्यायालयाने अटकाव केला, तेव्हा त्याची झळ निःस्वार्थपणे राबणाऱ्या स्थानिक गटांनाही बसली. न्यायालयाची शंका रास्त होती. पण कंपनी आणि रहिवाशांचा गट यांच्यात भेद करणारी व्यवस्थाच कायद्यात नसेल, तर न्यायालय तरी काय करणार? मुंबईतही हेच घडले. मोकळ्या जागा देखभालीसाठी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणातून काही भूखंडांवर सभासदांपुरते क्लब उभे राहिले. त्यामुळे जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने नवे धोरण मंजूर करताच नागरिकांनी इतका विरोध केला की राज्य सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. बोट धरू दिले की मनगट धरणारे भेटतात, हा अनुभव असल्यामुळे प्रामाणिक हातही संशयाने पाहिला जातो.

म्हणजे आपल्यापुढे दोनच पर्याय उरतात असे चित्र दिसते. सरकारी खात्याची उदासीनता किंवा खासगी संस्थेचा कब्जा. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते या दोहोंपलीकडे तिसरा मार्ग असल्याचे जगभरच्या उदाहरणांतून दाखवल्याबद्दल. सामाईक साधन वापरणारी माणसे नियम स्वतः ठरवतात, ते पाळले जातात की नाही यावर स्वतः लक्ष ठेवतात आणि वरची सत्ता त्यांचा हा अधिकार मान्य करते, तेव्हा ती साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. भारतात यातील पहिल्या दोन गोष्टींची वानवा नाही. उणीव आहे ती तिसरीची.

राज्यघटनेने वाट ठेवली आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्याने, बागा, क्रीडांगणे यांची तरतूद हा विषय नगरपालिकांकडे सोपवण्याचे सुचवले आणि तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत सामुदायिक मालमत्तांची देखभाल हा विषय आहे. तो यादीत २९ वा, म्हणजे अगदी शेवटचा आहे. व्यवहारातही त्याचा क्रम तोच राहिला. प्रभाग समितीची रचना राज्यांवर सोपवल्याने तिचे रूप राज्यागणिक बदलले. महाराष्ट्रात तर ती अनेक प्रभागांना मिळून एक असते आणि तीत प्रामुख्याने नगरसेवकच बसतात. आपल्या गल्लीतील बागेविषयी बोलायला तिथे नागरिकाला खुर्ची नसते. त्यातही ज्या सभागृहातून ही समिती जन्मते ते सभागृहच जागेवर असेल याची खात्री नाही. चेन्नई महापालिका २०१६ ते २०२२ लोकनियुक्त सदस्यांविना चालली. बेंगळुरूच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, त्याला पाच वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नव्हती. मुंबईनेही मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाची राजवट पाहिली. नगरसेवकच नसलेल्या शहरात मैदान वाचवायचे तर न्यायालयाखेरीज दार उरत नाही, आणि न्यायालयाचे दार वकिलाच्या शुल्काने उघडते. साहजिकच संपन्न वस्तीचे उद्यान वाचते आणि गरीब वस्तीचे जाते.

यावर उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. तीन गोष्टी आवश्यक आहेत आणि तिन्हींचे नमुने देशातच आहेत. पहिली, यादी. जुन्या मद्रास राज्याने १९५९ मध्ये, उत्तर प्रदेशाने १९७५ मध्ये आणि कर्नाटकाने १९८५ मध्ये उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्या जतनासाठी स्वतंत्र कायदे केले. अशा जागांची अधिकृत यादी तयार करणे, हा त्यांचा गाभा आहे. यादीत नाव असलेली जागा गिळणे अवघड असते, कारण ती आधी कोणाची होती हे सिद्ध करण्याचा भार रहिवाशांवर पडत नाही. ही यादी नकाशासह, सर्व्हे क्रमांकासह आणि क्षेत्रफळासह प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे. अनेक वर्षांची न्यायालयीन लढाई अशा एका कागदाने वाचू शकते.

दुसरी गोष्ट, अधिकार. ग्रामसभेच्या धर्तीवर शहरांत मतदार यादीनिहाय क्षेत्रसभा असाव्यात, ही कल्पना केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या काळात आली आणि काही राज्यांनी ती कायद्यातही घातली. ती कागदावरून रस्त्यावर यायला हवी. सार्वजनिक जागेच्या वापरात बदल करण्यापूर्वी या सभेची संमती बंधनकारक असावी. सभेत सदनिकाधारकाला जितके मत, तितकेच भाडेकरूला आणि झोपडीतील मतदाराला. असे झाले तर ‘रहिवासी’ कोण, या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल.

तिसरी गोष्ट, पैसा. देखभालीअभावी ओस पडलेली जागा हे आक्रमणाला दिलेले आमंत्रणच असते. या बाबतीत ग्रंथालयांचा इतिहास मार्गदर्शक आहे. मद्रास राज्याने १९४८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला आणि त्यात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकराची सोय ठेवली. केरळात पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९४५ पासून संघटित झालेल्या गावोगावच्या वाचनालयांना १९८९ च्या कायद्याने उपकराचा आधार आणि सभासदांतून निवडलेल्या परिषदेची चौकट दिली. वाचनालय तिथे अजूनही गावाचे राहिले, याचे श्रेय मल्याळी माणसाच्या वाचनप्रेमाइतकेच या रचनेला आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकराची तरतूद नाही. इथली ग्रंथालये अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेली असतात. जो वार्षिक मालमत्ता कर रहिवासी भरतात, त्यातील ठरावीक हिस्सा त्यांच्याच क्षेत्रसभेच्या निर्णयाने सामाईक सुविधांवर खर्च व्हावा, ही मागणी अवाजवी नाही. अर्थात ज्या वस्तीतून कर कमी गोळा होतो तिला वरून भरपाई मिळाली पाहिजे. अन्यथा हीसुद्धा श्रीमंत वस्त्यांचीच सोय ठरेल.

पत्रे उखडले गेले, फलक उतरला आणि मैदान मोकळे झाले की रहिवासी पेढे वाटतात. तो आनंद त्यांनी कमावलेला असतो. परंतु ज्या देशात प्रत्येक पिढीला तेच मैदान नव्याने वाचवावे लागते, तिथे दोष नागरिकांच्या निर्धारात नसून राज्याच्या रचनेत असतो. सह्या गोळा करणाऱ्या त्या निवृत्त शिक्षकाला, त्या गृहिणीला आणि त्या महाविद्यालयीन मुलाला दरवेळी न्यायालयात पाठवण्याऐवजी आपल्याच प्रभागात हक्काने बोलता यावे, इतकी व्यवस्था उभारणे राज्य सरकारांच्या हाती आहे. त्यासाठी नवी घटनादुरुस्ती लागत नाही. तीस वर्षांपूर्वी केलेली पाळली तरी पुरे.