वसतिगृहाची खोली आणि अभ्यासाची जागा

बारावीचे निकाल लागून मृगाच्या सरी सुरू झाल्या, की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतून नागपूरला येणाऱ्या एस. टी. गाड्यांत पेट्या आणि वळकट्या दिसू लागतात. १८८३ मध्ये हिस्लॉप, १८८५ मध्ये मॉरिस ही महाविद्यालये आणि १९२३ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून हे शहर बाहेरगावच्या विद्यार्थ्यांवरच मोठे झाले आहे. त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती मात्र दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली. आणि तीही एकट्याच्या नव्हे.

ही खोली वापरण्याचे एक शास्त्र आहे. खोली लांबी-रुंदीने मोजण्याची सर्वांना सवय असते. तिची उंची कोणी मोजत नाही. खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्या, की पेटी खाटेखाली जाते आणि चालण्यापुरती जमीन मोकळी होते. दारावर एक फळी आणि भिंतीला चार खुंट्या मिळाल्या, तर टेबलावर कपडे आणि खाटेवर पुस्तके हा नेहमीचा देखावा टळतो. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत धगधगत असते. खाट तिच्यापासून दूर असावी. टेबलाची जागा खिडकीशी. पण त्याच एकुलत्या खिडकीवर कूलरचाही हक्क असतो. कूलर चालू असता दार किलकिले ठेवावे लागते, अन्यथा गारवा न येता नुसता दमटपणा साचतो. पावसाळ्यात बंद कूलरच्या टाकीतील पाणी काढून टाकले नाही, तर तेथे डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

परंतु जागेपेक्षाही कठीण वाटणी असते ती वेळेची. एकाला पहाटे वाचायचे असते, दुसऱ्याला रात्री दोनपर्यंत. दिवा केव्हा मालवायचा, भ्रमणध्वनीवर बोलायला बाहेर कोणी जायचे, पाहुणा किती दिवस ठेवायचा, हे पहिल्याच आठवड्यात ठरले तर त्याला समजूत म्हणतात. परीक्षेच्या तोंडावर ठरवू गेल्यास त्याचेच भांडण होते. ही समजूत ज्याला साधली, त्याने पदवीइतकेच मोलाचे काही मिळविले असे म्हणावे लागेल.

वसतिगृहांच्या प्रवर्तकांची दृष्टी हीच होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची जी परंपरा सुरू केली आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना जे एका छपराखाली आणले, त्यामागे राहण्याची सोय एवढाच हेतू नव्हता. खेड्यातील मुलाला शिकवायचे तर त्याच्या निवाऱ्याचा भार समाजाने उचलला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आज नेमका याच तत्त्वाचा विसर पडत आहे. विद्यार्थी जुळवून घेतात, म्हणून दोघांच्या खोलीत तिसरी खाट टाकली जाते. तिसरी खाट आली की टेबल बाहेर जाते, आणि टेबल गेले की विद्यार्थी खाटेवर मांडी घालून वाचू लागतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाने २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आणली, हे योग्यच झाले. पण तीत नागपूरसाठी निवासाचा खर्च धरला गेला तो वर्षाला २० हजार रुपये. म्हणजे महिन्याला १७०० रुपयांच्याही आत. एवढ्या भाड्यात खाट मिळेल. अभ्यासाची जागा मिळणे कठीण. ज्याला परवडते तो खासगी अभ्यासिकेचे मासिक शुल्क भरतो. ज्याला परवडत नाही, तो उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत, पारा ४५ अंशांकडे चढत असता, तापलेल्या खोलीत पुस्तक उघडतो. घराण्यात प्रथमच महाविद्यालयात आलेला मुलगा नापास होऊन परत गेला, की त्याची बुद्धी कमी पडली असे सर्वजण म्हणतात. जागा कमी पडली असे कोणी म्हणत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. वसतिगृहाची खानावळ रात्रीच्या जेवणानंतर रिकामीच असते. तेथे चांगले दिवे, दोन कूलर आणि पुसून ठेवलेली टेबले मिळाली, तर तीच अभ्यासिका होईल. महाविद्यालयाचे वाचनालय परीक्षेच्या काळात रात्री दहापर्यंत उघडे ठेवता येईल. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक टेबल नसेल, तर नवी खाट टाकू नये, असा साधा नियम व्यवस्थापनाने स्वतःस घालून घेण्यासही काही हरकत नसावी.

लहान खोलीत नीट राहणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे आणि बहुतेक विद्यार्थी ते निमूटपणे पार पाडतात. खोलीबाहेर अभ्यासाची जागा देणे हे संस्थेचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. पहिल्याच्या सोशिकतेवर दुसऱ्याने आपली जबाबदारी ढकलू नये, एवढीच अपेक्षा आहे.