आधी गोल, मग चौकोन

घर बांधायला काढलं की माणसाला पहिला शोध लागतो तो हा, की आपल्या नात्यातला प्रत्येक माणूस आर्किटेक्ट आहे.

चेण्याला माझी सासुरवाडी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला नॅशनल पार्कचं जंगल, आणि मधून रात्रंदिवस धडधडणारा घोडबंदर रस्ता. तिथलं सासऱ्यांचं कौलारू घर पाडून नवं बांधायचं ठरलं आणि थोरला जावई म्हणून सल्लामसलतीला मला बसवण्यात आलं. मेहुण्याने मोबाईलमध्ये घराचं तोंड तयार ठेवलं होतं. पुढे चार खांब, राजवाड्याला लाजवतील असे. “आतलं काय, नंतर बघू, दाजी!” शेजारच्या काकांनी दिशा वाटून टाकल्या. कंत्राटदार म्हणाला, “दहा बाय बाराच्या चार खोल्या काढू, मधून पॅसेज. हाय काय नि नाय काय!”

यात एकच माणूस वेगळा निघाला. आर्किटेक्ट बाई. तिने कोरा कागद घेतला आणि त्यावर गोल काढायला सुरुवात केली. दीड तासात नऊ गोल. मेहुणा माझ्या कानाशी लागला, “दाजी, या बटाट्यांचे पण पैसे घेणार का?”

घ्यावेत! दुप्पट घ्यावेत! मी आजपासून बटाट्यांच्या पक्षाचा आहे.

यालाच बबल डायग्राम म्हणतात. एकेका कामाला एकेक गोल. दोन गोल जवळ हवेत तर जाड रेघ, जाता-येता चालेल तर बारीक रेघ, एकमेकांचं तोंड नको असेल तर रेघेवर फुली. कडेला बाण : ऊन कुठून, पावसाची झड कुठून, रस्त्याचा आवाज कुठून. रेघांनी एकमेकींना कापलं की ओळखावं, कुणाला तरी दुसऱ्याच्या खोलीतून जावं लागणार, नाहीतर पॅसेज येणार. तीन फूट रुंद, वीस फूट लांब पॅसेज म्हणजे साठ चौरस फूट. सहाशे फुटांच्या घरात दहावा हिस्सा नुसता चालायला! त्यापेक्षा गोल सरकवावेत.

हे खूळ आजचं नाही. १९१०च्या दशकातच अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या बाईंनी स्वयंपाकघरातले बाईचे हेलपाटे कागदावर रेघांनी दाखवले होते. १९२६ साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी पावलांचा असाच हिशेब करून १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर बसवलं. आधी पावलं, मग भिंती.

पण गोलही फसवतात, हे आम्हाला सासूबाईंनी शिकवलं. कागद त्यांच्यापुढे धरला. दिवाणखाना, स्वयंपाकघर, मास्टर बेडरूम अशी नावं मी वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि यात मी कुठं आहे, जावईबापू?”

कुठंच नव्हत्या. त्यांची सकाळ ओट्यावर जवळा निवडण्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारण्यात. दुपार पडवीत. रात्री दोनदा उठणं. आमच्या नऊ गोलांत मास्टर होता, ओटा नव्हता.

गेल्या वर्षी त्या आमच्या ठाण्याच्या ब्लॉकवर राहायला आल्या होत्या. रात्री पॅसेजात पडल्या. दीड महिना अंथरुणावर. नंतर मी पलंगापासून संडासापर्यंत पावलं मोजली. एकवीस, आणि मधे दोन वळणं. त्या ब्लॉकचाही कुणीतरी नकाशा काढलाच होता. रेघा अगदी सरळ होत्या.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. गोलात खोलीचं नाव लिहूच नये, काम लिहावं. निवडणं, निजणं, रात्री उठणं, पाहुण्यांना चुकवणं. शेजारी कुणाचं, किती वाजता, तेही लिहावं. ‘दिवाणखाना’ लिहिलं की सोफा येतो. ‘आई बसते’ लिहिलं की ओटा येतो. प्लॉट चौकोनी असतो, महापालिकेला चौकोनीच नकाशा लागतो, हे मलाही कळतं. पण चौकोन काढायला उद्याचा दिवस आहे. भिंत पाडायची तर गवंडी, मजूर, डेब्रिज आणि अबोला. गोल पुसायला फक्त खोडरबर. घरातली भांडणं करायला याहून स्वस्त जागा मी पाहिली नाही.

आम्ही तीन संध्याकाळ भांडलो. ओट्याचा गोल दिवाणखान्याहून मोठा झाला. सासूबाईंचं निजणं आणि मोरी यांच्यात जाड रेघ आली. आता पावलं सहा. टीव्ही कोपऱ्यात गेला.

मेहुण्यालाही न्याय मिळाला. त्याने हौसेने एक गोल काढून आत ‘खांब’ असं लिहिलं. त्या गोलाकडे जाणारी रेघ मात्र तीन संध्याकाळींत कुणालाच काढता आली नाही.