एकूण किती, ते आधी सांगा

मैत्रिणींनो, महागाईवर आपण पुष्कळ बोललो. आता लबाडीवर बोलू या. या दोन गोष्टी एक नव्हेत. वस्तू महाग असेल तर बाई ती घेत नाही, काटकसर करते, दुसरा मार्ग काढते. पण जी किंमत तिला सांगितलेलीच नाही, तिचा हिशेब तिने कसा मांडायचा?

मी नारायण पेठेत राहते. पत्र्या मारुतीपासून केसरीवाड्यापर्यंत कुठल्याही बोळात शिरा. भिंतींवर, खांबांवर कागद चिकटवलेले असतात : 'फक्त मुलींसाठी. कॉट बेसिस.' स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला गावोगावच्या मुली इथे येतात. समजा, कागदावर तीन हजार लिहिले आहेत. बॅग आत ठेवल्यावर कळते, लाइट बिल वेगळे. गरम पाण्याचे वेगळे. 'मेंटेनन्स' वेगळा. एजंटची दलाली वेगळी. खोली सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार, हे तर कळते शेवटच्या दिवशी. मेसचीही तीच तऱ्हा. महिन्याचा दर ठळक अक्षरांत. खाडे धरत नाहीत, हे मात्र मुलगी गावी जाऊन आल्यावर समजते. पावती मागितली, की उत्तर तयार : "आमच्याकडे तशी पद्धत नाही."

यात स्त्रीप्रश्न कुठे आला, असे काही जण विचारतात. येतो तो असा. मुलाला पाचशे रुपये कमी पडले तर बाप उसने काढून पाठवतो. मुलीने फोन केला, की पैशांचा विषय राहतो बाजूला आणि 'आता परतच ये, लग्नाचं बघू' सुरू होते. घरातून मोजून मिळालेल्या पैशांवर तिचे शिक्षण टांगलेले असते. न सांगितलेली प्रत्येक रक्कम ती दोरी कापते. शिवाय नव्या शहरात रात्री-अपरात्री दुसरी जागा शोधत ती फिरू शकत नाही, हे घरमालकाला पक्के ठाऊक असते. सगळी किंमत शेवटी सांगण्यातली मेख तीच आहे.

कॉट देणाऱ्याही कित्येकदा बायकाच असतात, हे मी विसरलेले नाही. जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांवर एकट्या बाईचे म्हातारपण निभत असते. तिला मी एवढेच म्हणते : बाई, वीज महागली तर भाडे वाढव, पण ते कागदावर लिही. आम्ही स्वस्त मागत नाही, खरे मागतो आहोत.

आणि हे मागणे नवे नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी आणि थाळ्या वाजवल्या. १९७४ साली इथे पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. तेव्हा वेष्टनावर किंमत छापून खाली 'स्थानिक कर वेगळे' अशी पळवाट ठेवता येत असे. १९९०च्या नियमबदलाने ती बंद झाली आणि 'सर्व करांसह' कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना बिलात आपोआप सेवा शुल्क लावायला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. ऑनलाइन खरेदीत आधी थोडी किंमत दाखवून शेवटी ती थेंबाथेंबाने वाढवणे, हा प्रकारही ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी फसवणुकीच्या तेरा प्रकारांत घातला. म्हणजे बिस्किटाच्या पुड्याला जो न्याय मिळाला, तो खोली शोधणाऱ्या मुलीला का नको?

कायदा अगदीच मुका नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात राहण्याजेवणाची सोय ही 'सेवा' आहे. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेण्यास शुल्क नाही. चौघींनी मिळून खोलीच भाड्याने घेतली असेल, तर १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ वाचा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने तो केला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरतात.

पण एकोणीस वर्षांची एकटी मुलगी घरमालकासमोर कलम कशी वाचणार? तिथे संघटनेने उभे राहायचे. प्रत्येक गटाने आपल्या पेठेतल्या, आपल्या गावातल्या खोल्या आणि मेस यांची वही करावी : सांगितले किती, घेतले किती. ती वही नव्याने येणाऱ्या मुलींना खुली असावी. मागण्या तीनच. कागदावर महिन्याची एकूण रक्कम. प्रत्येक पैशाची पावती. डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार, हे आधी लेखी.

जो घरमालक हे लिहून देईल, त्याचे नाव आपण आनंदाने सांगू. जो देणार नाही, त्याच्या दारात आपण चौघी-पाचजणी जाऊ आणि त्या मुलीच्या वतीने विचारू : एकूण किती?