दोन दिवसांची लेझरविद्या

गालावर सहा-सात चौकोन. कडा सरळ, अंतर सारखे, रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा. त्वचारोगतज्ज्ञाला असा चेहरा दिसला की फार विचारावे लागत नाही. आजार इतका आखीवरेखीव नसतो. हा लेझरच्या हँडपीसच्या टोकाचा ठसा आहे. मुलीचे लग्न बारा दिवसांवर आलेले, सोबत आई, आईच्या पर्समध्ये सहा सिटिंगच्या पॅकेजची पावती. ‘दुखतंय म्हणाले होते मी. ताई म्हणाल्या, थोडं सोसावं लागतं.’ लग्नसराईतल्या दवाखान्यांना हे दृश्य आता नवे राहिलेले नाही.

त्या ताई दुष्ट नाहीत. कर्ज काढून मशीन घेतले आहे, हप्ता चालू आहे. भिंतीवर फ्रेम केलेले प्रमाणपत्र आहे आणि त्यावर शिकणाऱ्याच्या नावापेक्षा मशीनचे नाव मोठ्या टायपात आहे. प्रशिक्षण मशीन विकणाऱ्यानेच दिले. दोन दिवस, जेवणासह. पहिला दिवस मशीनचे गुणगान आणि गिऱ्हाइकाच्या गळी पॅकेज कसे उतरवायचे यात गेला. दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या हातापायांवर सराव झाला. स्क्रीनवर त्वचेचा प्रकार निवडला की आकडे आपोआप येतात, हे सांगितले गेले. ते आकडे का येतात आणि कधी मानायचे नसतात, हे सांगायला दोन दिवस पुरत नाहीत. भाजलेच, तर फोटो काढून विक्रेत्याच्या माणसाला व्हॉट्सॲप करायचा. उत्तर ठरलेले असते: बर्फ लावा, कोरफड लावा.

लेझरमागचे शास्त्र अवघड नाही, पण ते नेटकेपणाने समजून घ्यावे लागते. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी ते मांडले. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ठरावीक वेळच दिला, तर हवा तो रंग तापतो आणि त्याचा शेजार शाबूत राहतो. केसाच्या मुळाशी असलेला रंग म्हणजे मेलॅनिन. तेच मेलॅनिन आपल्या वरच्या कातडीतही आहे, आणि ते गोऱ्या युरोपीय कातडीपेक्षा बरेच जास्त आहे. त्यामुळे आपल्याकडे केस आणि कातडी एकाच ताटात हात घालतात. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्यांवर छान चालतो, सावळ्या कातडीला मात्र सहज पोळतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग खोल जातो, वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो, म्हणून आपल्याला तुलनेने सुरक्षित. त्यातही गारवा किती, पल्स किती लांब, दोन सिटिंगमध्ये अंतर किती, याचा हिशेब आहेच. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेझर मारायचा नसतो. आणि आमची लग्नसराई भरते ती ऐन चैत्र-वैशाखात! पत्रिका वाटत गावोगाव हिंडलेल्या नवरीची कातडी महिन्यापूर्वी होती ती नसते. मशीनला हे कळत नाही. जबड्याखाली एखादा शॉट देऊन काही दिवस वाट पाहणाऱ्या माणसाला ते कळते. पण वाट पाहण्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले नसतात.

नवऱ्यामुलींइतकीच, किंबहुना जास्त काळजी भरतीला निघालेल्या पोरांची वाटते. लष्करात गोंदण हाताच्या ठरावीक भागावरच चालते. आदिवासी उमेदवारांना परंपरेपुरती सवलत आहे. कॉलेजात असताना मानेवर किंवा दंडावर कुणाचे नाव कोरून घेतलेला सातारा-कोल्हापूरकडचा मुलगा मैदानाची तारीख जवळ आली की ते पुसायला धावतो. गोंदणाची शाई फोडायला नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजायचा झटका लागतो. केसांच्या मशीनचा झटका मिलिसेकंदांत मोजतात, हजारांश भागांत. फरक दहा लाख पटींचा आहे. केसांच्या मशीनने गोंदण काढायला जाणे म्हणजे कातडीला डाग देणे. शिवाय योग्य मशीनवरही दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जावे लागतात, आणि अशा बऱ्याच सिटिंग होतात. मुलाच्या हातात महिनाभर असतो. मग दर आठवड्याला मारा होतो, गोंदण पुसट होत नाही आणि त्याच्या जागी उंचवट्याचा व्रण उरतो. तो घेऊन तो वैद्यकीय तपासणीला उभा राहतो.

डोळ्यांचे वेगळेच. १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही; दृष्टिपटल भाजले तरी तिथे वेदना होत नाही. प्रत्येक तरंगलांबीचा चष्मा वेगळा, तो आकडा काचेवर छापलेला असतो. तरीही दोन मशीनना मिळून एकच चष्मा, आणि तो ऑपरेटरच्या डोळ्यांवर, हे चित्र कुठेही दिसेल. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ओला कापूस.

मुळात मशीन लावायचे की नाही, हे ठरवणेच निम्मी विद्या आहे. ओठावर, हनुवटीवर अचानक राठ केस आले तर त्यामागे पीसीओएस असू शकतो. मान काळी मखमली झाली असेल तर आधी रक्तातली साखर तपासायची असते. वाढत चाललेला तीळ हा क्वचित का होईना, कर्करोग असू शकतो. तो लेझरने उडवला की तपासायला काही उरतच नाही. गालावरची कोवळी लव लेझरने कमी होण्याऐवजी कधीकधी वाढते, हेही फार थोड्या गिऱ्हाइकांना आधी सांगितले जाते.

डॉक्टरमंडळींनी यावर फार मान डोलावू नये. एमडीची तीन वर्षे काढूनही लेझरवर पुरेसा हात न बसलेले पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, कारण सगळ्याच महाविद्यालयांत चालते मशीन नसते. पाटीवर डॉक्टरांचे नाव, आत शॉट मारणारा हात महिन्याभरापूर्वी कामाला लागलेल्या मुलीचा, डॉक्टर दुसऱ्या शाखेत, ही तर या धंद्याची सर्वमान्य रीत होऊ पाहते आहे. केशरोपण आणि सौंदर्य-उपचारांबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच बजावले होते की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. बजावले आणि झाले. लेझरच्या खोलीत ते पाहायला कोण जाणार?

महाराष्ट्रात बिनपरवाना डॉक्टरकी रोखणारा १९६१ चा कायदा आहे. पण ‘आम्ही उपचार करत नाही, सौंदर्यसेवा देतो’ म्हटले की पळवाट मोकळी. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. इच्छा असली की काय होते, हे मात्र याच राज्याने दाखवले आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. पुढे केंद्राच्या कायद्यात अशी तरतूद आली की नोंदणी नसलेल्या केंद्राला सोनोग्राफीचे मशीन विकणेही गुन्हा. क्ष-किरण मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. एका क्षणात डोळा घालवू शकणारे सौंदर्य-लेझर मात्र बयाणा दिला की घरपोच येते. घेणाऱ्याचे शिक्षण कुणी विचारत नाही.

तेव्हा दोर विक्रेत्यापासून आवळायला हवा. नोंदणीकृत डॉक्टरच्या नावाशिवाय मशीन विकायचे नाही. बसवल्यावर त्याचा क्रमांक राज्याकडे नोंदवायचा. प्रशिक्षण देणारा आणि मशीन विकणारा एकच असता कामा नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचाविभागांत काही महिन्यांचा, सावळ्या त्वचेवर हात बसवणारा अभ्यासक्रम हवा, त्यात केलेल्या केसेसची नोंदवही हवी आणि तंत्रज्ञांनाही त्यात जागा हवी. त्यांच्या पोटावर पाय देऊन हा प्रश्न सुटणार नाही. भाजल्याच्या तक्रारी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाव्यात की जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, हे आज नवरीच्या आईला ठाऊक नाही. तेवढे तरी एका परिपत्रकाने सांगता येईल.

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की सराई सुरू होईल. नव्या मशीनवरच्या दिवाळी सवलतीचे मेसेज त्याआधीच फिरू लागतात: दोन दिवस, जेवणासह, प्रमाणपत्र जागेवरच.