‘आय सेव्हन’ ऐकून पैसे मोजू नका

भिवंडीतल्या पालकांनो, आणि गेमिंगच्या पीसीसाठी घरात हट्ट धरून बसलेल्या मुलामुलींनो, ही विनंती दोघांनाही आहे. असा पीसी घ्यायला हरकत नाही. त्याच मशीनवर कॉलेजचा अभ्यास, टॅली आणि डिझाइनचं कामही होतं. पण काय घेतोय हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका. “आय सेव्हन, सोळा जीबी, चार जीबी ग्राफिक्स” एवढं ऐकून आपल्याकडे सौदे ठरतात, आणि मशीन किती जुनं आहे हे यातल्या एकाही आकड्यावरून कळत नाही.

सुरुवात गेमपासून करा. मुलाला नेमकं काय खेळायचंय ते विचारा. प्रत्येक गेमची कंपनी किमान आणि शिफारस केलेलं हार्डवेअर जाहीर करते. व्हॅलोरंटचं किमान काम 4 जीबी रॅमवर भागतं. 2015 साली पीसीवर आलेल्या मूळ जीटीए फाइव्हला किमान 4 आणि शिफारशीनुसार 8 जीबी रॅम लागते. सायबरपंक 2077 मात्र किमान 12 जीबी रॅम, 6 जीबीचं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीवर 70 जीबी मोकळी जागा मागतो. व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोराला सायबरपंकचं मशीन घेऊन देण्यात शहाणपण नाही. शिवाय ‘किमान’ म्हणजे गेम कसाबसा चालेल एवढंच, म्हणून नजर शिफारशीच्या रकान्यावर ठेवा.

आता एकेक भाग बघू. प्रोसेसर सगळे हिशेब करतो. तिथे ‘आय सेव्हन’पेक्षा पुढचा आकडा महत्त्वाचा. आय सेव्हन 2600 मधला 2 म्हणजे दुसरी पिढी, तो 2011 चा. आय थ्री 12100 म्हणजे बारावी पिढी, तो 2022 चा. दोघांचे कोर चारच, पण नवा ‘थ्री’ जुन्या ‘सेव्हन’ला सहज मागे टाकतो. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी मागते, आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. सेकंडहँड घेताना एवढं लक्षात ठेवलं तरी मोठं नुकसान टळेल.

ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचं चित्र घडवतं. गेमिंगच्या बजेटचा सर्वांत मोठा वाटा त्याचा. इथेही जीबीला भुलू नका. जीटी 730 चार जीबीचं मिळतं आणि जीटीएक्स 1650 सुद्धा चार जीबीचं, पण दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चार जीबी ही कार्डाची मेमरी झाली, वेग कळायला मॉडेलचा नंबरच लागतो.

रॅम 16 जीबी पुरते. ती 8-8 च्या दोन पट्ट्यांत घ्या, दोन्ही वाटांनी माहिती धावते. एसएसडीमुळे गेम लवकर उघडतो, पण चित्राचा वेग त्याने फारसा वाढत नाही. हे सगळे भाग एकमेकांना साजेसे हवेत. मोटर कितीही दमदार असली तरी कांडी रिकामी झाली की माग थांबतो. जुन्या प्रोसेसरला महागडं कार्ड जोडलं तर तेही तसंच रिकामं बसून राहतं.

लोक सर्वांत जास्त काटकसर करतात ती सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर, आणि तिथेच फसतात. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त डब्यावरचा वॅटचा आकडा खरा धरू नका. रायझन 5 5600 हा प्रोसेसर 65 वॅटचा, आरटीएक्स 3060 कार्ड 170 वॅटचं. या कार्डासाठी एनव्हिडिया 550 वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते. ‘80 प्लस’ प्रमाणपत्र आणि स्वतंत्र वॉरंटी असलेला नामांकित कंपनीचा घ्या. हलका एसएमपीएस जळताना सोबत मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो.

भिवंडीत आणखी तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, कापसाचे तंतू. घराशेजारी लूमचा कारखाना असेल तर ते पंख्यात आणि हीटसिंकमध्ये जाऊन बसतात. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, गेम अडखळतो आणि आपण नवं कार्ड घ्यायला निघतो. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, जाळीचा फिल्टर असलेलं घ्या आणि महिन्याला ब्लोअरने साफ करा. तेव्हा मशीन बंद हवं आणि पंखा बोटाने धरलेला हवा.

दुसरी, वीज. तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. साधारण 600 व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपासच पेलतो. तो वीज गेल्यावर खेळत राहण्यासाठी नाही, मशीन नीट बंद करण्यासाठी आहे. बिलाचा हिशेबही मांडा: 300 वॅटचं मशीन रोज तीन तास चाललं तर महिन्याला 27 युनिट होतात.

तिसरी, खरेदीची जागा. महामार्गालगतच्या आपल्याच गोदामांतून ऑनलाइन माल गावोगाव जातो, पण म्हणून पार्सल बिनचूक असेलच असं नाही. ते उघडतानाचा व्हिडिओ काढा. लॅमिंग्टन रोडला गेलात तर तीन-चार दुकानांत भाव विचारा आणि प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर व सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडता येत नाही. तक्रार करायची वेळ आलीच तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

सेकंडहँड मशीन घेताना ते चालू करून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून परफॉर्मन्सचा भाग उघडला की प्रोसेसर आणि कार्डाची नावं आणि रॅम किती आहे ते दिसतं. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर बरीच बनावट कार्डं ओळखतं. मग अर्धा तास एखादा जड गेम चालवा. विकणारा याला तयार नसेल तर उठून या.

नवं मशीन अडखळत असेल तर आधी मागे बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लागली असेल तर कार्ड बेकार बसतं, ती कार्डालाच लावा. ऑनलाइन खेळताना पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, वाढत असेल तर दोष कार्डाचा नाही, इंटरनेटचा आहे. वायफायऐवजी लॅनची वायर लावून बघा.

आणि बजेट कमी असेल तर कर्ज काढू नका. रायझन 5 5600जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्यावर व्हॅलोरंट खेळता येतो. आज चांगला एसएमपीएस आणि असा प्रोसेसर घ्या, पैसे साठले की कार्ड बसवा. मुलांनो, आईवडिलांसमोर मागणी ठेवताना गेमचं नाव, प्रत्येक भागाचा नंबर आणि दोन दुकानांचे भाव कागदावर लिहून न्या. पालकांनो, तो कागद वाचल्याशिवाय हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका.