तोंड आलंय? किती दिवस झाले?

आमटीचा पहिला घास झोंबला की आपल्याकडे निदान तयार असतं: पोटात उष्णता झाली. मग गुलकंद, जाईचा पाला, साजूक तूप आणि औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी. तोवर आठ-दहा दिवस सरतात, फोड आपसूक बसतो आणि श्रेय गोळीला जातं.

नेहमीचा फोड ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेखाली येतो. सेंटिमीटरहून लहान, मध्ये पिवळट, भोवती लाल कडा. औषध घ्या वा नका घेऊ, एक-दोन आठवड्यांत भरतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. निमित्तं माणसागणिक वेगळी: दाताची टोकदार कड, चावला गेलेला गाल, मनावरचा ताण, काहींना टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट. सिगारेट सोडल्यावरही काहींना फोड येतात. तेवढ्यावरून परत ओढायला लागू नये!

दुखणं फारच असेल तर डॉक्टर ट्रायामसिनोलोनचा लेप देतात. तो झोंबायला लागल्या दिवसापासूनच, जागा टिपून, रात्री झोपताना लावावा; चोळू नये.

दर महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येत असेल, तर मात्र रक्त तपासावं: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवलाचं नाही. गोळ्या आधी आणि तपासणी नंतर, असं केलं की आकडा सुधारलेला दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. सोबत डोळे लाल होत असतील, गुप्तांगावरही फोड येत असतील, किंवा जुलाब आणि वजनात घट असेल, तर दुखणं तोंडापुरतं नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. दुखणाऱ्या फोडासाठी आपण धावपळ करतो आणि न दुखणाऱ्याला महिनोन् महिने सांभाळतो. तंबाखू-चुन्याची गोळी जिथे धरतात तिथला, मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरडीवरचा, कडेला टणक लागणारा चट्टा सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. एकाच जागी तीन आठवडे राहिलेला कोणताही फोड दाखवायलाच हवा. सुपारी, गुटखा खाणाऱ्याला तिखट सोसेनासं होतं, तेव्हाही ‘उष्णता’च म्हटलं जातं. त्याने आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, एवढं आरशासमोर पाहावं. जात नसतील तर त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा. त्यांनी तपासणीसाठी तुकडा काढायला सांगितला, तर ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला विचारत बसू नये.